एक निकाल, दोन देश : १९७७च्या जनादेशाकडे सामान्य मतदाराने कसे पाहिले

नवी दिल्ली : निवडणुकीचा निकाल एकच असतो, पण तो ऐकणारे कान वेगवेगळे असतात. स्वतंत्र भारताच्या इतिहासात याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे मार्च १९७७ची सहावी लोकसभा निवडणूक. केंद्रात तीस वर्षे अखंड सत्तेवर असलेला पक्ष प्रथमच पराभूत झाला, विद्यमान पंतप्रधान आपल्याच मतदारसंघात हरल्या आणि एकवीस महिन्यांची आणीबाणी संपली. पाठ्यपुस्तकांत या घटनेची नोंद बहुधा ‘जनतेने दिलेला कौल’ अशा एका वाक्यात होते. प्रत्यक्षात त्या कौलाने देशाचा नकाशा उभा चिरला होता. दिल्लीत लोक मध्यरात्री रस्त्यावर नाचत होते, त्याच वेळी हैदराबाद आणि बंगळुरूमध्ये हाच निकाल अनेकांना अनाकलनीय वाटत होता.

त्या कौलाचा अर्थ उत्तरेतील शेतकऱ्याने एक लावला, केरळमधील शिक्षकाने दुसरा, मुंबईच्या गिरणी कामगाराने तिसरा. हे अर्थ इतके भिन्न का होते, हे समजण्यासाठी आधी आकडे पाहावे लागतात आणि मग आकड्यांवर थोडा अविश्वासही दाखवावा लागतो.

नकाशावरची रेघ

१८ जानेवारी १९७७ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी निवडणुकीची घोषणा केली. १६ ते २० मार्च या काळात मतदान झाले आणि २० मार्चला मतमोजणी सुरू झाली. ५४२ जागांपैकी काँग्रेसला १५४ जागा मिळाल्या. भारतीय लोकदलाच्या ‘नांगरधारी शेतकरी’ या चिन्हावर लढलेल्या जनता पक्षाने २९५ जागा जिंकून स्पष्ट बहुमत मिळवले.

या आकड्यांची प्रादेशिक विभागणी पाहिली की चित्र पालटते. उत्तर प्रदेशात ८५ जागा होत्या, काँग्रेसला एकही मिळाली नाही. बिहारमध्ये ५४ पैकी शून्य, पंजाबमध्ये १३ पैकी शून्य, हरियाणात १० पैकी शून्य, दिल्लीत ७ पैकी शून्य. मध्य प्रदेशातील ४० जागांपैकी केवळ छिंदवाडा वाचले आणि राजस्थानातील २५ पैकी केवळ नागौर. याउलट आंध्र प्रदेशात ४२ पैकी ४१ जागा काँग्रेसकडे गेल्या. जनता पक्षाच्या वाट्याला आलेली एकमेव जागा नंद्यालची होती आणि तेथून निवडून आलेले नीलम संजीव रेड्डी त्याच वर्षी जुलैमध्ये बिनविरोध राष्ट्रपती झाले. कर्नाटकात काँग्रेसने २८ पैकी २६ जागा जिंकल्या. केरळमध्ये काँग्रेस व भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या आघाडीने सर्वच्या सर्व २० जागा पटकावल्या, तर तामिळनाडूत अण्णा द्रमुकसह झालेल्या युतीने ३९ पैकी ३४.

एकाच आठवड्यात, एकाच मतपत्रिकेवर, एकाच सरकारविषयी मत विचारले गेले आणि विंध्याच्या दोन बाजूंनी परस्परविरोधी उत्तरे आली. त्या काळी अनेकांनी यातून घाईने निष्कर्ष काढले. उत्तरेला स्वातंत्र्य प्रिय आणि दक्षिणेला शिस्त, असे एक. उत्तरेतला मतदार भावनेच्या भरात वाहून गेला आणि दक्षिणेतला कृतज्ञ राहिला, असे दुसरे. दोन्ही निष्कर्ष चुकीचे होते. मतदार एका ठिकाणी शहाणा आणि दुसऱ्या ठिकाणी अडाणी नसतो. त्याच्यापुढे काय आले आहे, यावर तो निकाल देतो. आणि १९७५ ते १९७७ या काळात देशाच्या वेगवेगळ्या भागांपुढे वेगवेगळी सरकारे आली होती, जरी त्यांच्या शिरोभागी एकच नाव होते.

फलकाखालची गर्दी

दूरचित्रवाणी तेव्हा मोजक्या शहरांपुरती होती. निकाल कळण्याची साधने दोन : आकाशवाणी आणि वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांबाहेर लावलेले फलक. २० मार्चच्या संध्याकाळपासून दिल्लीच्या बहादूर शाह जफर मार्गावर, जिथे अनेक वृत्तपत्रांची कार्यालये आहेत, लोक जमू लागले. फलकावर काँग्रेसचा उमेदवार मागे पडल्याचा आकडा चढला की जल्लोष होई. आकाशवाणीच्या बातम्यांत मात्र रायबरेलीचा उल्लेख बराच वेळ टाळला जात होता. या मौनाचाच लोकांनी अर्थ लावला. एकवीस महिने बातमी दडपली जाण्याची सवय झालेल्या श्रोत्याला, काय सांगितले जात नाही यावरून काय घडले असेल हे ओळखण्याची कला अवगत झाली होती.

रायबरेलीत राजनारायण यांनी इंदिरा गांधी यांचा ५५ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. शेजारच्या अमेठीत संजय गांधी पराभूत झाले. मुजफ्फरपूरमधून जॉर्ज फर्नांडिस तुरुंगात असतानाच तीन लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून आले. मतदारसंघात त्यांना पाऊल ठेवता आले नव्हते. बेड्या घातलेल्या त्यांच्या छायाचित्रानेच प्रचार केला. हाजीपूरमधून रामविलास पासवान यांना मिळालेले मताधिक्य चार लाखांच्या पुढे होते. असे आकडे केवळ पक्षनिष्ठेतून येत नाहीत. त्यामागे बराच काळ साठलेला राग असतो आणि तो बाहेर पडण्याची वाट शोधत असतो.

२१ मार्चला प्रभारी राष्ट्रपती बा. दा. जत्ती यांनी आणीबाणी मागे घेतल्याची घोषणा केली. दुसऱ्या दिवशी इंदिरा गांधी यांनी राजीनामा दिला आणि लोकांचा निर्णय नम्रतेने स्वीकारत असल्याचे जाहीर केले. २४ मार्चला मोरारजी देसाई पंतप्रधान झाले. सत्तांतर इतके सुरळीत होईल, याची खात्री निकालाच्या रात्री फार थोड्यांना होती. निवडणूकच रद्द होईल किंवा लष्कर बोलावले जाईल, अशा वदंता राजधानीत फिरत होत्या. म्हणून उत्तरेतील पहिली प्रतिक्रिया विजयाच्या आनंदापेक्षा सुटकेच्या निःश्वासासारखी होती.

राग कोठून आला

या सुटकेचे मूळ तुरुंगांत होते, तितकेच किंवा त्याहूनही अधिक नसबंदीच्या शिबिरांत होते. आणीबाणीत प्रतिबंधात्मक कायद्यांखाली एक लाखाहून अधिक लोक स्थानबद्ध झाले, हे पुढे शहा आयोगाने नोंदवले. ही संख्या मोठी असली तरी साठ कोटींच्या देशात बहुसंख्य कुटुंबांपर्यंत ती थेट पोहोचली नव्हती. नसबंदीची मोहीम मात्र घराघरांत शिरली. १९७६-७७ या एका वर्षात देशभरात ८२ लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश पुरुषांवरील होत्या. उत्तर प्रदेशाला चार लाखांचे उद्दिष्ट दिले होते. तेथे त्याच्या दुपटीहून अधिक शस्त्रक्रिया नोंदल्या गेल्या.

उद्दिष्ट गाठण्याची जबाबदारी ज्यांच्यावर टाकली गेली ते अनेक ठिकाणी डॉक्टर नव्हते. ते शाळामास्तर, तलाठी, पाटबंधाऱ्याचे कारकून आणि शिधावाटप अधिकारी होते. शिक्षकाचा पगार नसबंदीच्या प्रकरणांशी जोडला गेला. परवान्याचे नूतनीकरण, पाण्याची पाळी, कर्जाचा हप्ता यांसाठी प्रमाणपत्र मागितले जाऊ लागले. परिणामी सरकार ज्या ज्या रूपाने गावात येत होते, ती प्रत्येक वाट गावकऱ्याला धोक्याची वाटू लागली. हरियाणातील उटावड येथे नोव्हेंबर १९७६ मध्ये पोलिसांनी गाव वेढून पुरुषांना नेले. त्याआधी ऑक्टोबरमध्ये मुजफ्फरनगर येथे गोळीबार झाला होता आणि एप्रिलमध्ये दिल्लीत तुर्कमान गेट परिसरात घरे पाडताना रक्त सांडले होते.

हे वृत्तपत्रांत आले नाही. पण बातमी थांबली की वदंता चालू लागते, आणि वदंता भाषेच्या वाटेने चालते. हिंदी प्रदेश हे या दृष्टीने एकच मैदान होते. पश्चिम उत्तर प्रदेशात घडलेली गोष्ट बसने, आगगाडीने, बाजाराच्या दिवशी, लग्नाच्या मांडवात बिहारपर्यंत पोहोचली आणि पोहोचताना वाढतही गेली. विंध्य ओलांडताना मात्र तिला भाषांतराची गरज होती, आणि ते काम करू शकणारी वृत्तपत्रे सेन्सॉरच्या कात्रीखाली होती. उत्तर-दक्षिण फरकाचे हे एक कारण आहे आणि ते बरेचदा दुर्लक्षिले जाते. हैदराबादच्या मतदाराने तुर्कमान गेटला क्षमा केली असे म्हणता येत नाही. अनेकांपर्यंत ती हकिगत तितक्या तीव्रतेने पोहोचलीच नव्हती.

दक्षिणेतही शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्या लाखांत होत्या. परंतु तेथे आरोग्यसेवेचे जाळे तुलनेने जुने होते, कुटुंबनियोजनाचा प्रचार आधीपासून रुजला होता, आणि पोलिसांचा वापर उत्तरेइतका सरसकट झाला नाही. त्यामुळे तीच मोहीम तेथे सक्तीपेक्षा सरकारी कार्यक्रमासारखी दिसली.

विंध्याच्या पलीकडे

दक्षिणेतील काँग्रेस मतदाराने १९७७ मध्ये कशासाठी मत दिले, या प्रश्नाला प्रत्येक राज्यात वेगळे उत्तर मिळते. कर्नाटकात मुख्यमंत्री देवराज अर्स यांनी कुळकायद्यात १९७४ मध्ये मोठ्या सुधारणा केल्या होत्या, आणि हावनूर आयोगाच्या माध्यमातून मागास जातींच्या आरक्षणाला पाया मिळाला होता. कसणाऱ्या कुळाला जमीन मिळण्याची शक्यता आणि वेठबिगारीतून सुटका ही त्या राज्यातील गरिबाची आणीबाणी होती. वीस कलमी कार्यक्रम हा उत्तरेत अनेक ठिकाणी भिंतीवरचा फलक राहिला. कर्नाटकात त्याच्या काही कलमांना प्रत्यक्ष रूप होते. अशा मतदाराला दिल्लीतील जल्लोष कळणे अवघड होते. ज्या सत्तेने त्याला सातबारासारखा कागद हाती देण्याचे वचन दिले, तिचा पराभव त्याने आपला विजय का मानावा?

तामिळनाडूत लढत मुळात वेगळीच होती. द्रमुकचे सरकार जानेवारी १९७६च्या अखेरीस बरखास्त होईपर्यंत ते राज्य आणीबाणीच्या विरोधकांचे आश्रयस्थान होते. तरीही मतदाराच्या मनातला मुख्य प्रश्न करुणानिधी की एम. जी. रामचंद्रन, हा होता. दिल्ली त्या भांडणात पार्श्वभूमीला होती. जूनमध्ये झालेल्या विधानसभा निवडणुकीत रामचंद्रन सत्तेवर आले, तेव्हा मार्चच्या कौलाचा खरा अर्थ तेथे स्पष्ट झाला.

सर्वांत बोलके उदाहरण केरळचे आहे. तेथे लोकसभेबरोबर विधानसभेचीही निवडणूक झाली आणि काँग्रेसच्या नेतृत्वाखालील आघाडीने १४० पैकी १११ जागा जिंकल्या. साक्षरतेत देशात आघाडीवर असलेल्या, वृत्तपत्रे चवीने वाचणाऱ्या राज्याने आणीबाणीतील सरकारला पुन्हा निवडले, ही गोष्ट उत्तरेतल्या विचारवंतांना आजही खटकते. परंतु त्या वृत्तपत्रांत काय छापले जात होते, हा प्रश्नही विचारायला हवा. के. करुणाकरन यांनी मार्चअखेरीस मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. त्याच सुमारास राजन या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी उच्च न्यायालयात देहोपस्थितीचा अर्ज केला. मार्च १९७६ मध्ये कालिकतच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातून पोलिसांनी उचललेला हा मुलगा परत आला नव्हता. सुनावणीत एकेक गोष्ट उघड होत गेली, कोठडीतील छळ राज्यभर चर्चेत आला आणि शपथविधीनंतर महिनाभरातच करुणाकरन यांना पायउतार व्हावे लागले. मतदान आणि माहिती यांचा क्रम उलटा झाला असता तर केरळचा निकाल काय लागला असता, याचा अंदाज बांधता येत नाही. पण त्या एका महिन्यात तेथील मतदाराने जे अनुभवले, ते उत्तरेतला मतदार वर्षभर आधी अनुभवून बसला होता.

जागा आणि मते

नकाशावरची रेघ जितकी ठळक दिसते तितकी ती खरी होती का? येथे आकड्यांवरचा अविश्वास उपयोगी पडतो. उत्तर प्रदेशात एकही जागा न मिळालेल्या काँग्रेसला तेथे सुमारे एक चतुर्थांश मते पडली होती. म्हणजे निकालाच्या रात्री ज्या गावात फटाके वाजले, त्या गावातला साधारण चारांतला एक मतदार घरात गप्प बसला होता. दुसरीकडे कर्नाटकात केवळ दोन जागा मिळवणाऱ्या विरोधकांना जवळपास ४० टक्के मते होती. बंगळुरू दक्षिणमध्ये सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश के. एस. हेगडे निवडून आले, तेव्हा तेथील मध्यमवर्गाची प्रतिक्रिया दिल्लीपेक्षा वेगळी नव्हती.

देशभरात काँग्रेसला ३४.५ टक्के मते मिळाली. सुमारे साडेसहा कोटी लोकांनी त्या पक्षाला मत दिले होते. हा आकडा १९७१च्या तुलनेत नऊ टक्क्यांनी कमी होता, पण जागा मात्र ३५२ वरून १५४ वर आल्या. विरोधकांची मते एकत्र आली की आपल्या निवडणूक पद्धतीत असा उत्पात होतो. ज्याला अधिक मते तो विजयी, बाकीच्यांची मते हिशेबातून बाद. त्यामुळे पराभूत बाजूचा मतदार नकाशावरून पुसला जातो आणि ‘उत्तर भारताने एकमुखाने सांगितले’ अशी वाक्ये लिहिली जातात. एकमुखाने कोणीच काही सांगितले नव्हते.

दुभंगलेला महाराष्ट्र

ही दोन चित्रे एकाच राज्यात पाहायची असतील तर महाराष्ट्र पुरेसा आहे. ४८ जागांपैकी काँग्रेसला २०, भारतीय लोकदलाच्या चिन्हावर लढलेल्या जनता पक्षाला १९, शेतकरी कामगार पक्षाला ५, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाला ३ आणि रिपब्लिकन पक्षाच्या खोब्रागडे गटाला १. मतांच्या टक्केवारीत काँग्रेस येथे पुढेच होती. तरीही निम्म्याहून अधिक जागा हातून गेल्या. मुंबईतील सहाही जागा काँग्रेसने गमावल्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, राम जेठमलानी, सुब्रमण्यम स्वामी यांना त्या महानगराने लोकसभेत पाठवले. पुण्यातून मोहन धारिया, राजापूरमधून मधु दंडवते, कुलाब्यातून दि. बा. पाटील निवडून आले. विदर्भातील बहुतांश जागांवर मात्र काँग्रेस टिकली, आणि साताऱ्यातून यशवंतराव चव्हाण निवडून येऊन लोकसभेतील विरोधी पक्षनेते झाले.

मुंबई-पुण्यातील सुशिक्षित वर्गाच्या प्रतिक्रियेत लेखनस्वातंत्र्याचा सल ठळक होता. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी घेतलेली भूमिका, पुढे त्यांना झालेली अटक, आणि निवडणुकीत पु. ल. देशपांडे यांचे प्रचारसभांतून बोलणे, या गोष्टी त्या वर्गाच्या स्मरणात ताज्या होत्या. गिरणी आणि कारखान्यांतील कामगाराचा हिशेब वेगळा होता. सप्टेंबर १९७५ मध्ये किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला गेला, वाढीव महागाई भत्त्याचा अर्धा भाग सक्तीच्या ठेवीत गेला आणि संप करण्याची वाट बंद झाली. त्याच्यासाठी हुकूमशाही हा शब्द दिवाळीच्या पाकिटाच्या जाडीत मोजता येण्याजोगा होता. नव्या सरकारने त्याच वर्षी किमान बोनस पुन्हा ८.३३ टक्के केला, तेव्हा त्याला कौलाचा अर्थ हातात मिळाला.

ग्रामीण भागात, विशेषतः जेथे सहकारी संस्था आणि काँग्रेसचे स्थानिक नेतृत्व यांची वीण घट्ट होती, तेथे १९७२च्या दुष्काळात मिळालेले रोजगार हमीचे काम लोक विसरले नव्हते. तरीही महाराष्ट्र सक्तीपासून मुक्त नव्हता. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक विधिमंडळात मंजूर करणारे हे राज्य होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, इतकेच. १९७६-७७ मध्ये येथील शस्त्रक्रियांची संख्या उत्तर प्रदेशाच्या जवळपास होती. तेव्हा महाराष्ट्राला उत्तरेच्या खात्यात टाकावे की दक्षिणेच्या, हा प्रश्नच गैरलागू ठरतो. हे राज्य दोन्ही खात्यांवर नोंदले गेले आणि बहुधा म्हणूनच निकालानंतर येथे ना मोठा उन्माद दिसला ना मोठा शोक.

ज्यांचा आनंद टिकला नाही

मतदाराची प्रतिक्रिया निकालाच्या रात्री गोठत नाही. पुढील काही आठवड्यांत ती बदलू लागते, आणि १९७७ मध्ये ती सर्वांत लवकर दलित मतदारांत बदलली.

२ फेब्रुवारीला जगजीवनराम काँग्रेसमधून बाहेर पडले, तेव्हा वाऱ्याची दिशा ठरली असे मानले जाते. उत्तरेतील दलित मतदाराला काँग्रेसबाहेर मत देण्यासाठी त्यांच्या जाण्याने मोठे कारण मिळाले. नवा पंतप्रधान दलित असेल, ही अपेक्षा त्यातून जन्मली आणि ती अवास्तव नव्हती. जयप्रकाश नारायण आणि आचार्य कृपलानी यांनी मोरारजी देसाई यांची निवड केली. नाराज जगजीवनराम काही दिवस मंत्रिमंडळाबाहेर राहिले आणि मग संरक्षणमंत्री झाले. राजधानीतल्या वाटाघाटींसाठी हा काही दिवसांचा रुसवा होता. पण ज्यांनी त्यांच्या नावावर मत दिले होते त्यांच्यासाठी ती पहिली ठेच होती. २७ मे रोजी बिहारमधील बेलछी येथे अकरा जणांना ठार करण्यात आले आणि त्यांतील बहुसंख्य दलित होते. ऑगस्टमध्ये इंदिरा गांधी चिखलातून, शेवटी हत्तीवर बसून त्या गावी पोहोचल्या. पाच महिन्यांपूर्वी याच राज्याने त्यांना एकही जागा दिली नव्हती. त्या भेटीकडे राजकीय खेळी म्हणून पाहता येते आणि ती तशी होतीही. पण नव्या सरकारमधून आधी कोण आले नाही, हेही त्या वस्तीने पाहिले.

उत्तरेतील मुस्लिम मतदारांच्या प्रतिक्रियेत बदल इतका त्वरित नव्हता. तुर्कमान गेट आणि मुजफ्फरनगरची आठवण ताजी होती, आणि जामा मशिदीचे शाही इमाम जनता पक्षाच्या प्रचारात उतरले होते. त्याच पक्षात जनसंघही विलीन झाला होता. ज्यांच्याशी वर्षानुवर्षे मतभेद होते त्यांच्यासोबत एका चिन्हावर शिक्का मारणे हे या मतदाराने भीतीपोटी केले की आशेपोटी, याचे एकच उत्तर नाही. तुरुंगात एकत्र राहिलेल्या नेत्यांनी परस्परांविषयीची अढी सोडल्याच्या कथा तेव्हा खूप सांगितल्या गेल्या. मोहल्ल्यातल्या मतदाराने मात्र तुरुंग पाहिला नव्हता, बुलडोझर पाहिला होता, आणि त्याचे मत त्याला अनुसरून होते.

पराभूत बाजूच्या मतदाराची प्रतिक्रियाही स्थिर राहिली नाही. एप्रिलअखेरीस केंद्राने काँग्रेसची सत्ता असलेल्या नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त केल्या. लोकसभेचा कौल विधानसभेलाही लागू करण्याचा हा युक्तिवाद जिंकणाऱ्यांना न्याय्य वाटला. हरणाऱ्यांना त्यात सूड दिसला. ३ ऑक्टोबरला इंदिरा गांधी यांना अटक झाली आणि दुसऱ्याच दिवशी न्यायालयाने त्यांना सोडले, तेव्हा मार्चमध्ये गप्प बसलेला मतदार प्रथमच मोठ्याने बोलू लागला. फेब्रुवारी १९७८ मध्ये कर्नाटक आणि आंध्र प्रदेशाने त्यांच्या नव्या काँग्रेसला सत्ता दिली. नोव्हेंबरमध्ये चिकमगळूरच्या पोटनिवडणुकीत त्या ७७ हजारांहून अधिक मतांनी जिंकल्या. उत्तरेने नाकारलेल्या नेत्याला दक्षिणेने आसरा दिला, अशी भाषा त्या वेळी झाली. ती अर्धीच खरी होती, कारण तोपर्यंत उत्तरेतही मन पालटू लागले होते. पुढच्याच महिन्यात लोकसभेने त्यांचे सदस्यत्व रद्द करून त्यांना अधिवेशन संपेपर्यंत तुरुंगात पाठवले, आणि चिकमगळूरच्या मतदाराला आपले मतच रद्द झाल्यासारखे वाटले.

निकाल मान्य करणे म्हणजे काय

इतका तीव्र भेद असूनही १९७७चा निकाल कोणत्याही बाजूच्या मतदाराने खोटा ठरवला नाही, ही गोष्ट विशेष नोंद घेण्याजोगी आहे. दक्षिणेतील काँग्रेस मतदार नाराज होता, संभ्रमित होता. पण मते चोरली गेली असे तो म्हणाला नाही. याचे श्रेय काही अंशी पराभूत पंतप्रधानांच्या तत्काळ राजीनाम्याला जाते. आणीबाणी लादणाऱ्या व्यक्तीनेच पराभव विनातक्रार स्वीकारला, या विसंगतीचे स्पष्टीकरण चरित्रकारांनी नाना प्रकारे केले आहे. मतदाराच्या दृष्टीने परिणाम साधा होता : नेत्याने हार मानली, तेव्हा अनुयायाला भांडण्याचे कारण उरले नाही.

दुसरे कारण यंत्रणेचे आहे. आणीबाणीत जी नोकरशाही नसबंदीची उद्दिष्टे गाठत होती, तिनेच मार्चमध्ये मतपेट्या राखल्या आणि मते मोजली. मोजणीच्या टेबलाशी दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी बसले होते, आणि मोजणी उघड्यावर होती. ज्या गोष्टी तपासता येतात त्यांवर लोक विश्वास ठेवतात, नेत्यांच्या सद्हेतूंवर नव्हे.

तिसरे कारण वेळेचे. हरलेल्याला पुढची संधी आहे, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते. ती अपेक्षेपेक्षा लवकर आली. जनता पक्षाचे सरकार जुलै १९७९ मध्ये कोसळले आणि जानेवारी १९८० मध्ये पुन्हा मतदान झाले. काँग्रेसने ३५३ जागा जिंकल्या. तीन वर्षांपूर्वी शून्य देणाऱ्या उत्तर प्रदेशाने ८५ पैकी ५१ जागा दिल्या, महाराष्ट्राने ४८ पैकी ३९. केरळने मात्र याच वेळी डाव्या आघाडीकडे मोहरा वळवला आणि विधानसभेत ई. के. नायनार यांना मुख्यमंत्री केले. त्या निवडणुकीत इंदिरा गांधी दोन ठिकाणांहून उभ्या होत्या : उत्तरेतील रायबरेली आणि आंध्र प्रदेशातील मेदक. दोन्हीकडे त्या जिंकल्या. एक जागा सोडणे आवश्यक होते. त्यांनी रायबरेली सोडली.